कोरडं गार, वलं गार

देवाशी अबोला धरून मला सहा-सात महिने झाले होते. आमच्या घरच्या देव्हाऱ्यात खंडोबाचे टाक आहेत. कामाला निघताना त्यांच्यापुढचा चिमूटभर भंडारा कपाळाला लावायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा, हा लग्न होऊन आल्यापासूनचा माझा नेम. तो मी मोडला होता. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "भंडारा न्हाई लावला का गं?" मी दोन्ही वेळा चप्पल शोधत असल्याचं सोंग केलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मी पाटोद्याकडच्या एका रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे. माणूस जिथं पडला असेल तिथं जायचं, त्याला तिथंच तपासायचं, आधी कोणाला उचलायचं ते ठरवायचं आणि दवाखान्यापर्यंत जीव टिकवायचा, एवढं आमचं काम. या कामात मला माझ्या नजरेचा फार गर्व होता. गाडीतून उतरतानाच ओठांचा रंग, श्वासाची धाप, डोळ्यांतली भीती बघून मी ओळखायची की कोण थांबू शकतं आणि कोण नाही. रुग्णवाहिकेच्या चालकाला आमच्यात पायलट म्हणतात. आमचे पायलट भानुदासभाऊ थट्टेनं म्हणायचे, "म्याडम, तुमी तर काचंतूनच पेशंट तपासताव." मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू!

मग उन्हाळ्यात एका वस्तीवरून फोन आला. पन्नाशीची बाई होती. आम्ही पोचलो तेव्हा पदर सावरत स्वतःच्या पायानं बाहेर आली आणि म्हणाली, "काय न्हाई हो, पित्त चढलंय. पोरं उगं घाबरत्यात." मी लांबूनच पाहिलं. रंग बरा वाटला, बोलणं नीट होतं. गाडीतल्या बाकावर बसवून घेतलं आणि रमतगमत निघालो. अर्ध्या वाटेत तिची मान कलली ती परत वर आलीच नाही. तिच्यापासून हातभर अंतरावर मी बसले होते, आणि तोवर तिला एकदाही हात लावला नव्हता. हृदयाचा आलेख काढायचं यंत्र माझ्या डोक्यावरच टांगलेलं होतं.

कोणी मला बोललं नाही. तिच्या मुलांनी उलट हात जोडले. ते जोडलेले हात मला झोपू देत नव्हते. स्वतःवर चिडून पुरेना, तेव्हा मी देवावर चिडले. रोज भंडारा लावून निघत होते ना मी? मग त्या दिवशी कुठं गेला होतास तू? उत्तर आलं नाही. माझे हात मात्र कापायला लागले. सुई टोचताना, नाडी बघताना, कधीही. शेवटी मी राजीनामा लिहिला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि चंपाषष्ठी झाली की साहेबांना देऊन टाकायचा असं ठरवलं.

चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. घाटाच्या वळणावर पिकअप उलटली होती. डोंगरात धुकं इतकं दाट होतं की भानुदासभाऊ काचेबाहेर मान काढून गाडी चालवत होते. रस्ता नव्हताच, नुसतं पांढरं होतं सगळीकडे. सायरनचा आवाजसुद्धा गाडीच्या आसपासच कुठंतरी विरून जात होता. आपण कुठं चाललोय, की एकाच जागी थांबलोय, हेही मला समजेना. आणि मग त्या पांढऱ्यात एकदम पिवळं दिसलं.

रस्ता पिवळा, गवत पिवळं, बाभळीचं खोड पिवळं, आणि त्यात सात पिवळी माणसं. दोन क्षण मला वाटलं की मी अजून झोपेतच आहे.

मेंढपाळाच्या एका घरातली माणसं होती ती. घरचे टाक घेऊन खंडोबाच्या भेटीला गेले होते, जागरण करून परत निघाले होते. पिकअप उलटली, भंडाऱ्याचं पोतं फुटलं, आणि जे उरलं ते घरातल्या म्हातारबाबांनी स्वतःच्या हातानं प्रत्येकाच्या तोंडाला, मानेला, हातापायांना फासलं होतं. रक्त थांबावं म्हणून जखमेत भरलं होतं, आणि जखम नव्हती तिथं देवानं सांभाळावं म्हणून चोळलं होतं. एकाचाही ओठ दिसत नव्हता. नखं पिवळी. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा गार, माखलेल्या बोटांवर आकडाच दाखवेना. ज्या नजरेवर मी इतकी वर्षं जगले, तिला बघायला काही उरलंच नव्हतं. मी त्या म्हाताऱ्यावर ओरडले, "कावून फासलं हे सगळ्यांना? मला काही दिसत नाही आता!"

ते शांतपणे म्हणाले, "मंग काय करावं बाई? तुमची गाडी येईपातर देवच व्हता हाताशी."

मी कामाला लागले. सगळ्यात मोठा आक्रोश त्यांच्या मुलीचा होता, हाताचं हाड मोडलं होतं. त्यांच्या मुलाचं डोकं फुटलं होतं, हळद आणि रक्ताचा नुसता चिखल झाला होता, आणि तो आईच्या नावानं हाका मारत होता. बाकीच्यांना खरचटलेलं, मुका मार. जराशी लांब, एका दगडावर, त्या डोकं फुटलेल्या मुलाची बायको बसली होती. तिशीची असेल. मांडीवर लाल फडक्यातलं गाठोडं दोन्ही हातांनी धरून ताठ बसलेली. मी तिच्याकडे पाहिल्यावर म्हणाली, "मला काय न्हाई झालं. आदी ह्यांना बघा."

बोलतेय, बसलीय, शुद्धीत आहे. म्हणजे थांबू शकते. मी पुढं गेले.

आमच्या गाडीत आडवं एकालाच नेता येतं. दुसरी गाडी निघाली होती, पण त्या धुक्यात तिला तास तरी लागणार होता. मी ठरवलं की तिच्या नवऱ्याला स्ट्रेचरवर घ्यायचं, त्याच्या बहिणीला बाकावर, आणि बाकीच्यांनी थांबायचं. भानुदासभाऊंनी स्ट्रेचर बाहेर काढलं.

तेवढ्यात धुक्यातून मेंढरं आली. आधी घंटांचा आवाज आला, मग लोकरीच्या पाठी एकेक करून उमटल्या आणि आमच्या दोन्ही बाजूंनी वाहायला लागल्या. त्यांच्या मागं घोंगड्याची खोळ घेतलेली एक म्हातारी. ती या लोकांतली नव्हती. कोणी तिला ओळखलं नाही, तिनंही कोणाला विचारलं नाही. काठी काखेत घेऊन ती ओळीनं त्या जखमी माणसांजवळून फिरली आणि प्रत्येकाचा कान दोन बोटांत धरून बघत गेली. सकाळी वाडा उघडताना मेंढरांचे कान बघतात ना, तसेच. मला त्या गडबडीतही हसू आलं. दगडावर बसलेल्या बाईपाशी ती थांबली. पुन्हा एकदा कान धरला. मग मला हाक मारली, "ए लेकी, हिचा कान गार हाय बघ."

मी वैतागून म्हणाले, "आजी, एवढ्या थंडीत सगळ्यांचेच कान गार असणार."

"ते कोरडं गार हाय. हिचं वलं गार हाय." तिनं आपली दोन बोटं माझ्यापुढं धरली. बोटांवर हळदीचा चिकट लेप आला होता. "कोरडं जगतंय. वलं न्हाई जगत. हात लावून बघ की."

हात लावून बघ. हे तीन शब्द त्या म्हातारीला कोणी सांगितले, मला माहीत नाही. मी धावत जाऊन त्या बाईचं मनगट धरलं. थंडगार घामानं भिजलेलं. इतका वेळ तो घाम हळदीखाली दडला होता. मनगटाची नाडी सापडेना. गळ्याला बोटं लावली तेव्हा सापडली, बारीक आणि बेफाम पळणारी. "पोटाला काही लागलं का?" विचारलं, तर म्हणाली, "देव पोटाशी धरला व्हता. गाडी पलटली तवा तसाच दाबला. सोडला न्हाई मी." मी गाठोड्याखाली हात घातला. डाव्या बरगडीखाली बोट टेकताच तिनं दात आवळले. पोट ताठरलेलं होतं. आत कुठंतरी रक्त साचत होतं, आणि ती तासभर देवाला मांडीवर घेऊन बसणार होती, कारण तिला थांबवायचं मीच ठरवलं होतं.

"हिला आधी," मी ओरडले. म्हातारबाबा पुढं आले. "त्याचं डोस्कं फुटलंय आन तुमी धडधाकट बाईला निजवताव?" मी म्हणाले, "बाबा, डोकं बांधून तो बसून येईल. ही बसून नाही येणार." ते बाजूला झाले.

पण ती आडवी होईना. देव कोणाकडं देऊ? वाटेत टाक जमिनीला टेकवायचे नाहीत, ही त्यांची रीत. घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर रक्त, तेही चालणार नव्हतं. भानुदासभाऊंना गाडी चालवायची. ती म्हातारी तर मेंढरांमागं धुक्यात शिरलीसुद्धा होती. त्या बाईचे डोळे माझ्यावर स्थिरावले. आवाज आता पार खोल गेला होता. "तुमीच घ्या बाई. तुमी अंघूळ करून आल्या असताल."

मी, जिनं सहा महिने देवाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं! नाही म्हणायला तोंड उघडलं आणि माझे हात आपोआप पुढं झाले. तिनं गाठोडं माझ्या ओंजळीत ठेवलं आणि एकदम सैल पडली. इतका वेळ त्या गाठोड्यानंच तिला धरून ठेवलं होतं की काय, कोण जाणे. मी ते ओढणीत बांधून पाठीला घट्ट आवळलं आणि कामाला लागले. ऑक्सिजन, दोन्ही हातांना सलाईन, अंगावर ब्लँकेट, दवाखान्याला फोन करून सर्जन आणि रक्त तयार ठेवायला सांगितलं. तिच्या नणंदेचा हात खपच्यांनी बांधून तिला दुसऱ्या गाडीसाठी ठेवलं. दुसरी सलाईन लावून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की माझे हात कापत नव्हते.

त्या प्रवासातलं मला फारसं आठवत नाही. पांढरं धुकं, त्यात मधूनच लागणारं ऊन, पाठीला टाकांची धातूची कड. तिचा गारठलेला कान मी माझ्या बोटांत धरून ठेवला होता. मी काही मागितलं नाही. मागायची हिंमत नव्हती. एवढंच म्हणाले, "अबोला सोडते. तू बघ आता." आणि पुढं नवसाचं वगैरे काहीच सुचलं नाही, रडू मात्र आलं. समोर बसलेला तिचा नवरा, डोक्याला पट्टी बांधलेला, माझ्याकडे बघून तोही रडायला लागला.

दवाखान्यात तिला सरळ ऑपरेशनला घेतलं. पोटातली प्लीहा फाटली होती. आणखी अर्धा तास गेला असता तर वाचली नसती, असं सर्जन म्हणाले.

धावपळीत गाठोडं माझ्याच पाठीवर राहिलं. संध्याकाळी घरी आले तेव्हा सासूबाईंनी दारातच मला थांबवलं, माझ्या पायांवर पाणी घातलं आणि विचारलं, "कोणाला घेऊन आलीस गं?" मी पाठ फिरवून दाखवली. त्या लोकांना यायला आठ दिवस लागले. पाहुणा देव बिनपूजेचा कसा ठेवायचा? म्हणून आठ दिवस मीच पूजा केली, दोन्ही खंडोबांची. पर्समधल्या राजीनाम्यावर भंडारा सांडून तो पिवळाधमक झाला होता. असला कागद साहेबांपुढं न्यायचा तरी कसा? राहिला तो तसाच.

त्या म्हातारीची मी पुष्कळ चौकशी केली. मेंढरं घेऊन फिरणारे लोक, आज इथं तर उद्या कडा-आष्टीकडे. कोणी म्हणालं अशी एक आहे, कोणी म्हणालं नाही. भानुदासभाऊ म्हणतात, "शोधू नका म्याडम." मी त्यावर वाद घालत नाही. ती कोणीही असो, माझ्या गर्वावर हळद फासून झाल्यावर ती आली आणि मला हात लावायला शिकवून गेली. वस्तीवरची ती पित्तवाली बाई यानं परत आली नाही. तिचं ओझं माझंच आहे, ते मी उतरवून मागत नाही. पण आता मी दारातून कोणाला ओळखत नाही. आधी जवळ बसते, कान धरते, मग बोलते. लोक हसतात. हसू देत.

दीड-दोन महिन्यांनी ती दगडावर बसलेली बाई आमच्या घरी आली, देव न्यायला नव्हे, तो नवऱ्यानं कधीच नेला होता. नुसती भेटायला. हडकली होती, पण चालत आली होती. पिशवीतून भंडाऱ्याची पुडी काढून माझ्या कपाळाला लावायला तिनं हात उचलला. त्याच वेळी माझाही हात, सवयीनं, तिच्या कानाकडे गेला. दोघी तशाच उभ्या राहिलो. तिचा कान ऊन होता, आणि कोरडा.