माझं कॅरॅक्टर नेणारी बाई

एका इंग्रज नटीने मला फसवलं. मी तिला फसवलं असतं तर कोणाला नवल वाटलं नसतं, मलाही नाही. ओमानमधल्या मत्रहच्या बाजारात पडद्याचं कापड विकून मी वसईत घर बांधलं आहे. दुकान अर्बाबच्या, म्हणजे माझ्या ओमानी मालकाच्या नावावर होतं, पण कापड, गिऱ्हाईक आणि भांडण ही तिन्ही माझी होती.

माझं खरं भांडवल म्हणजे माझा राग. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की मी आधी छातीवर हात ठेवून स्टुलावर बसायचो. मग उलगडलेलं कापड एकेक घडी घालत, मयताच्या अंगावर चादर घालावी तसं, परत ठेवायचो. तरी माणूस ऐकत नसेल तर ‘दुकान बंद, आज धंदा नाही’ असं ओरडून शटर अर्ध्यापर्यंत ओढायचो. गिऱ्हाईक आतच असायचं. अर्ध्या अंधारात माणसाला पटकन शहाणपण येतं. शटर वर जाईपर्यंत सौदा झालेला असायचा.

नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात ही बाई आली. तिचा जावई तेल कंपनीत होता, अल हैलला राहायचा, आणि ती थंडीचे महिने लेकीकडे काढायची. साठीची, ठेंगणी, हनुवटी मोठी. मी कामधंदा विचारला तर म्हणाली, “मी कॅरॅक्टर ॲक्ट्रेस आहे.”

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती पोळी लाटता लाटता थांबली.

“म्हणजे चांगल्या कॅरॅक्टरची की तसल्या?”

“अगं, साठीची बाई आहे.”

“म्हणून काय झालं? मुद्दाम सांगते म्हणजे कोणीतरी शंका घेतली असणार.”

मला ते पटलं. सगळा घोटाळा इथून सुरू झाला.

बाई आठवडाभर रोज यायची, निळं मखमली कापड चाचपायची आणि आपली हकिगत सांगायची. समुद्रकाठच्या एका गावात ती नाटकाची तिकिटं फाडायची. एकदा म्हातारीचं काम करणारी नटी आजारी पडली आणि हिला उभं केलं. वय विशीचं, पण हनुवटी तेव्हाच साठीची होती, असं तीच म्हणाली. पुढे जन्मभर घरमालकिणी, नर्सा, स्वयंपाकिणी आणि खुनाच्या नाटकात प्रेत बघून हातातला ट्रे पाडणारी मोलकरीण. ट्रे पाडण्यात तिचा हात धरणारं लंडनात कोणी नव्हतं. नायिका मात्र ती कधीच झाली नाही. रस्त्यात लोक तिच्याकडे बघून हसायचे, पण नटी म्हणून नव्हे, जुनी शेजारीण समजून.

शेवटच्या दिवशी तिने असा काही भाव सांगितला की मी शटर ओढलं. बाकीची गिऱ्हाइकं घाबरायची. ही अंधारात टाळ्या वाजवायला लागली. म्हणाली, “पुन्हा करा ना.” मी पुन्हा केलं. मग माझा चहा पिऊन झाल्यावर तिने अगदी अदबीने विचारलं, “मला तुमचं कॅरॅक्टर वापरायचं आहे. देता का?”

आता माझ्या जागी वसईचा कोणीही माणूस ठेवून बघा. गल्फला येताना मी पॅरिशच्या फादरकडून कॅरॅक्टर सर्टिफिकेट आणलं होतं, नाहीतर एजंट दारात उभं करत नव्हता. मला वाटलं, बिचारीवर खरंच शंका आहे आणि तिला एका इज्जतदार व्यापाऱ्याचा शब्द हवा आहे. माझी छाती फुगली.

“मॅडम, माझं कॅरॅक्टर एकदम क्लीन आहे. यल्ला, घेऊन जा. खलास.”

“असंच? फुकट?”

“फुकट,” मी म्हणालो. गिऱ्हाइकाला मी आयुष्यात पिशवीसुद्धा फुकट दिली नव्हती.

सहीसाठी कागद येईल म्हणून मी वाट बघत राहिलो. कागद आला नाही, एका हॉटेलातल्या नाटकाचे दोन पास आले, जेवणासकट. बायको रेशमी साडी नेसली. कोळंबीवर कोळंबी खाऊन झाली आणि पडदा उघडला. आत कापडाचं दुकान, स्टूल, आणि ती. छातीवर हात. मयताच्या चादरीसारखी घडी. “मॅडम, यू आर किलिंग माय चिल्ड्रन,” हे माझं इंग्रजी, माझ्याच आवाजात. मग तिने रंगमंचावर शटर ओढलं. सगळं हॉटेल हसत होतं, आणि त्यातलं अर्धं हॉटेल माझं गिऱ्हाईक होतं.

बायको डोळे पुसत म्हणाली, “अहो, ही तुमच्यापेक्षा छान चिडते.”

पुढच्या आठवड्यात पुण्याच्या एका इंजिनिअरची बायको दुकानात आली. मी छातीवर हात ठेवताच ती मैत्रिणीला म्हणाली, “थांब, आता घडी.” मी घडी घातली. “आता शटर.” मी शटर ओढलं, दुसरं काय करणार?

“काका, तुम्ही फार खाली आणता,” ती म्हणाली. “त्या बाई खांद्यापाशी थांबल्या होत्या. पण नक्कल छान करता हं तुम्ही त्यांची.”

माझी नक्कल मीच करतो, असा बाजारभर बोभाटा झाला. राग चालेना म्हणून मी शांतपणे बोलून बघितलं, तर एका गिऱ्हाइकाने मला बरं नाही का असं विचारलं आणि काही न घेता निघून गेलं. भाव उतरवण्यापलीकडे माझ्या हातात काही उरलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा आली. मी तिला चोर म्हटलं, लुटारू म्हटलं, वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला ऐकू जाईल असं म्हटलं. ती स्टुलावर बसून हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती.

“दुसऱ्यांदा ‘चोर’ म्हणालात तेव्हा आवाज खाली नेलात,” ती म्हणाली. “फार सुंदर.”

“मॅडम, माझं कॅरॅक्टर परत द्या.”

“पण मी विचारून घेतलं होतं.”

“मी सर्टिफिकेट देत होतो.”

फादरची गोष्ट मला तिला समजावून सांगावी लागली. ती इतकी हसली की तोल जाऊ नये म्हणून मखमलीचा गठ्ठा धरून उभी राहिली. ते हसणं मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. ती माल बघत होती.

दोन हजार सालानंतर डिशवर इंग्रजी चॅनेल आले, आणि एका मालिकेत ती दिसली. पुन्हा घरमालकीण, पण या वेळी गोष्ट तिचीच. भाडेकरूकडे ती पाद्र्याचं कॅरॅक्टर सर्टिफिकेट मागते, छातीवर हात ठेवते आणि खिडकीचा पडदा खाली ओढून त्याला अंधारात बसवते. जन्मभर ट्रे पाडणारी बाई माझ्या रागावर नायिका झाली. बायको म्हणते, जगभर दिसताय, आनंद माना. बायको शेजारणींना बोलावून ती मालिका बघते.

पैशाचं मी नंतर बोलेन. आधी तिने मत्रहला यावं, माझ्या गिऱ्हाइकांसमोर उभं राहावं आणि हा राग मूळचा कोणाचा ते सांगावं. आणि आता मला खरोखर संताप आला, जसा हे लिहिताना येतो आहे, तर मी तो कसा दाखवायचा, याचंही उत्तर तिनेच द्यावं. शांतपणे विचारतो आहे, कारण दुसरा मार्ग तिने ठेवलेला नाही.