पापड्यांखालची गेळवाडी

आख्ख्या दौंडात रस्ता सांगावा तर मीच. पुणे टेशनात लोणावळ्याची लोकल कुठल्या फलाटाला लागती हे मात्र मला दोघांनी सांगितलं, तरी मी चुकलो, आणि शेवटी एका हमालानं दंडाला धरून डब्यात बसवलं.

माझं हमरस्त्याला पंक्चरचं दुकान हाय. दिवसभर लोक इचारतात, पाटस कुटं, बारामती कुटं, आणि मी हातातल्या पान्यानं दिशा दाखवतो. शाळेत दुसरीपातूर गेलो. तेवढ्यात मास्तरांच्या ध्यानात आलं की मी आलो न आलो सारखंच. असा मी, काखेत गुंडाळलेला नकाशा घेऊन, मावळात माझं मूळ गाव शोधाया निघालो.

त्याचं झालं असं. पोरीचं लग्न ठरलं. पोरगा वराळ्याचा, तळेगावच्या शेजारचं गाव, तिथंच कारखान्यात कामाला. बैठकीत माझी जीभ सुटली. म्हणलं, आमीबी मूळचे मावळातलेच, दौंडात काय, आमी पाव्हणे. व्याही सरसावून बसले आणि म्हणाले, "मावळात कुटं?"

मला काय ठावं. मी म्हणलं, "डोंगराकडं."

मावळात डोंगर सोडून हाय काय? पडद्याआडच्या बायाबी हसल्या. व्याही भला माणूस, त्यांनी पानाचा डबा पुढं केला आणि इषय बदलला.

घरी आल्यावर आईनं मात्र तो इषय धरला. म्हातारीला तिच्या सासऱ्यानं सांगितलेलं एवढंच ठाऊक, की गाव गेळवाडी, लोणावळ्याच्या अंगाला, आणि देवी वाघजाई. माझा पणजा रेल्वेच्या गँगमधी लागला, खडी भरत भरत रुळाच्या मागं दौंडला आला आणि हितंच ऱ्हायला. तवापासून आमच्या घरातली पहिली पत्रिका देव्हाऱ्यातच ठेवायची, कारण मूळ देवी कुटं हाय ते कुणाला म्हाईत न्हाई. आईनं निक्षून सांगितलं, नातीच्या लग्नाची पहिली पत्रिका गेळवाडीच्या वाघजाईपुढं पडली तरच मी मांडवात पाय ठेवीन. आणि आमची आई बोलली म्हंजे बोलली. माझ्या लग्नात ती एका इहिणीवर रुसली हुती, अजून रुसलेलीच हाय.

मोबाइलात गेळवाडी टाकली तर त्यानं एक बंगला दाखवला, पवायच्या तलावासकट. मग पोरीनं कुटनं तरी इंग्रजाच्या काळातला मोजणीचा जुना नकाशा हुडकला. कुणीतरी फोटो काढून इंटरनेटवर टाकलेला. त्यात बारीक इंग्रजी अक्षरांत गेळवाडी सापडली तवा पोरगी रडली आणि मी दुकान बंद करून जिलबी आणली. पण मोबाइलात मला ते दिसंना, म्हणून छापाया फ्लेक्सवाल्याकडं गेलो. त्यानं इचारलं, साइज? मी म्हणलं, मोठी. माझ्या लेखी मोठी म्हंजे वहीएवढी. त्याच्या लेखी मोठी म्हंजे नगरसेवकाच्या वाढदिवसाएवढी. पोरीनं त्यावर लाल पेनानं गेळवाडीला गोल केला आणि बजावलं, लोणावळ्यालाच उतरा, पुढं लोकांना इचारा, डोकं चालवू नका.

मी गाडीत डोकं चालवलं. कामशेत गेलं तसा नकाशा मांडीवर उलगडला. अक्षरं समदी इंग्रजी. डोंगर दाखवाया बारीक बारीक रेघा मारलेल्या, सुरवंट झोपल्यागत. खिडकीतनं बगतो तर लोहगड आणि विसापूर शेजारी शेजारी उभे. नकाशावर बी दोन दांडगे सुरवंट शेजारी शेजारी, आणि त्यांच्या अल्याडच लाल गोल. म्हणलं, पोरीला काय कळतंय. मळवलीला उतरलो.

टेशनाभाईर एक मावशी करवंदं इकत हुती. पळसाच्या पानाच्या द्रोणात घेतली, तोंड जांभळं केलं आणि चालत भाजे गावात गेलो. रविवार हुता. लेण्यांकडं जाणाऱ्या शहरातल्या लोकांची ही गर्दी. मी एका ओट्यावर नकाशा पसरला तर चारजण भोवती जमले, लेणी कुटं म्हणून. मी सवयीनं हात करून दिशा दाखवली. ते बिचारे गेले आणि लगेच परत आले. तिकडं कुणाचा तरी म्हशीचा गोठा हुता.

तितंच तळेगावच्या एक बाई स्कूटर लावत हुत्या. शाळेत शिकवतात म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडं बगितलं, नकाशाकडं बगितलं आणि हळूच म्हणाल्या, "काका, नकाशा उलटा धरलाय तुम्ही."

मी म्हणलं, "बाई, मी ह्याच बाजूनं बगतोय."

"बघा हो. पण अक्षरं शीर्षासन करतायत."

त्यांनी फ्लेक्स फिरवला तसा लाल गोल ह्या टोकाचा त्या टोकाला गेला, आणि माझी गेळवाडी पुण्याच्या अंगाची लोणावळ्याच्या अंगाला. बाईंनी अक्षरं वाचली. गेळवाडी औंढे गावाच्या वर, डोंगराच्या पोटाला. मी म्हणलं, चालत जातो. त्या म्हणाल्या, तुम्ही चालत गेलात तर गुजरातेत निघाल. स्कूटरवर मागं बसवून त्यांनी मला थेट औंढ्यापातूर सोडलं. वाटंत फ्लेक्सची सुतळी सुटली आणि निम्मं मावळ माझ्या पाठीमागं फडफडत ऱ्हायलं. चहा घ्या म्हणलं तर बाई हसत निघून गेल्या. लेणी बगायची त्यांची सकाळ माझ्यापायी गेली, आणि मी त्यांचं नाव बी इचारलं न्हाई.

औंढ्यात पोचलो तवा वैशाखाचं ऊन डोक्यावर आलतं. खाचरं उघडी पडलेली, मधनंमधनं काळे राब दिसत हुते (राब म्हंजे पालापाचोळा नि शेण टाकून भाजलेली जागा, त्यात पुढं भाताची रोपं टाकतात). पारावर काही माणसं बसली हुती. मी राम राम घालून नकाशा उलगडला आणि इचारलं, गेळवाडी कुटं आली?

एकजण उठून घरात गेला. एकानं फोन काढला. त्यातले वयानं मोठे, सोपानभाऊ (नाव मागनं कळलं), तंबाखू मळत म्हणाले, "किती गुंठ्याचं गिऱ्हाईक हाय?"

मी म्हणलं, भाऊ, गुंठा न्हाई, देवीला पत्रिका द्यायची हाय. ते म्हणाले, मागं एकजण आलता त्योबी देवाच्या पाया पडायलाच आलता, मग कळलं रस्ता काढाया आलता. तवा माझ्या टाळक्यात उजेड पडला. त्या भागात नकाशा घेऊन येणारा माणूस म्हंजे जमीन घेणारा, न्हाईतर जमीन नेणारा. मी जितका नकाशा दाखवायचो तितकी त्यांची तोंडं मिटायची. शेवटी सोपानभाऊंनी सांगून टाकलं, "असली वाडी हितं न्हाई. उन्हाचं येवढ्या लांबनं आला, पाणी प्या आनि जावा."

निघालो. खोटं कशाला बोलू, डोळ्यांपुढं लग्नाचा मांडव आला आणि त्यात आईची रिकामी खुर्ची. कोपऱ्यावरच्या घराच्या सावलीला टेकलो. अंगणात त्या घरची तारामावशी (हिचंबी नाव मागनंच कळलं) तांदळाच्या पापड्या घालत हुती. दोन लुगडी भरली हुती आणि पातेल्यात पीठ उरलं हुतं. तिनं माझ्या काखेतल्या फ्लेक्सकडं बगितलं.

"ए बाबा, त्ये पसर हितं. नुसतं मिरवतुयास कशाला?"

मी पसरला. तिनं त्यावर वल्लं फडकं फिरवलं आणि इंग्रजानं मोजलेल्या आख्ख्या मावळावर पापड्या मांडल्या. मग हात धुवून माझ्यापुढं ताट सरकवलं. सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. कोण, कुठला, कशाला आला, काय इचारलं न्हाई. मी तिसऱ्या भाकरीला नको म्हणलं, पण हात काय ताटावर आडवा धरला न्हाई, मग ती बी आली.

हे पारावरनं दिसत हुतं. ज्याच्या नकाशावर पापड्या वाळतात त्यो काय जमीन घेणार, असं त्यांना वाटलं असंल. एकेक करून समदे आले आणि नकाशाभोवती उकिडवे बसले. सोपानभाऊंनी लोणावळ्याच्या एका हॉटेलात राखणदारी केलेली, इंग्रजी अक्षरं जुळवत जुळवत वाचायचे. ही खिंड. हा वढा. हा जुना गाडीरस्ता, आता त्यावर बंगला हाय. जो तो आपलं खाचर शोधाया लागला. एकजण म्हणाला, "मावशे, ही पापडी उचल की, हिच्याखाली आमचा माळ हाय."

"हात लावशील तर बग. माळ कुटं पळतोय व्हय तुजा? पापडी वाळूदे आधी."

मग समदे मुंड्या वाकड्या करून पापड्यांच्या फटीतनं बगाया लागले. असं सरकत सरकत सोपानभाऊंचं बोट लाल गोलाशी आलं. त्यांनी अक्षरं जुळवली आणि माझ्याकडं बगितलं. "आडनाव काय तुमचं?"

मी म्हणलं, पडवळ. आणि नेहमीचं जोडून दिलं, लांब वाढतो, आत पोकळ.

कुणी हसलं न्हाई. तारामावशी उरलेलं पीठ अंगणातल्या चुलीवर ढवळत हुती, तिची पळी हातातच ऱ्हायली.

मग सोपानभाऊंनी सांगितलं. गेळवाडी वर डोंगराच्या पदरात, मधल्या सपाटीवर हुती. वरचं पाणी आटलं तशी वाडी खाली आली, औंढ्यात मिसळली, नाव मागं पडलं. जुन्यांनाच म्हाईत. देवी मात्र खाली याया तयार झाली न्हाई. कौल लावला, तिनं दिला न्हाई. म्हणून चैतात वर जाऊन तिची जत्रा करतात, नैवेद्याचे वाटे पानांवर मांडतात आणि एकेका भावकीचं नाव पुकारतात. त्यात पहिलं नाव पडवळांचं. हाक मारायची, थांबायचं, पुन्यांदा मारायची. कुणी येत न्हाई. मग पुढचं नाव.

"माज्या आज्यानं मारली, बानं मारली, आता मी मारतुय," ते म्हणाले. "मागल्या म्हैन्यातच मारली. आमाला वाटायचं वंस बुडाला."

मला कुटंबी बोलाया येतं, लोक म्हणतात टायरातली हवा गेली तरी ह्याच्या तोंडातली जात न्हाई. तितं मात्र काहीतरी करायचं म्हणून मी पातेल्यातलं पीठ बोटानं चाटलं. ते कढत हुतं.

ऊन कलल्यावर सोपानभाऊ मला वर घेऊन गेले. ते सत्तरीचे, मी पन्नाशीचा, आणि दर वळणावर तेच माझ्यासाठी थांबायचे. एका जागी पाय घसरून मी करवंदीच्या जाळीत बसलो. इजारीचं बूड जाळीत ऱ्हायलं. तिथनं पुढं मी मागं मागं चालायचं पत्करलं. सोपानभाऊ म्हणाले, देवी आई हाय, तिला काय नवीन न्हाई.

पदरात गवतातनं पडक्या घरांची जोती डोकावत हुती, एका वळीत. एक जोतं जरा बाजूला, त्याच्या पोटातनं गेळाचं काटेरी झाड उगवलेलं. फ्लेक्सवर बी ठिपक्यांची एक वळ हुती आणि एक ठिपका बाजूला, ते मी भाकरी खाता खाता बगितलं हुतं. "त्ये तुमचं," सोपानभाऊ म्हणाले. नकाशावर मोहरीएवढं घर, आणि हितं माझ्या दुकानाहून मोठं. मी त्यावर चढून उभा ऱ्हायलो. खाली खाचरं, त्यापल्याड हायवे, त्यापल्याड एक आगगाडी लोणावळ्याकडं चाललेली. पणजाला हितनंच रूळ दिसले असतील.

वाघजाई म्हंजे उघड्यावरचा शेंदरी तांदळा, नाक-डोळे नसलेला गोल दगड. पत्रिकेला हळदकुंकू लावलं, अक्षता ठेवल्या, वर दगड ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. नारळ सोपानभाऊंनी फोडला. मला वाटलं झालं. पण ते सरळ उभे ऱ्हायले, टोपी नीट केली आणि जत्रंत मारतात तशी दरीकडं तोंड करून हाक मारली, "पडवळांचा वाटाऽऽ."

मी आपला हात जोडून उभा. ते वळून म्हणाले, "अवो, बोला की आता."

"आलो," मी म्हणलं.

त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

खाली आलो तवा पापड्या वाळायच्या हुत्या, म्हणून फ्लेक्स तितंच ठेवला. मावशीनं आदल्या दिवशीच्या वाळलेल्या पापड्या पिशवीत घालून दिल्या आणि लेकाची जुनी इजार दिली, घालून जा म्हणाली, गावाची अब्रू जाती. लोणावळ्यापातूर सोपानभाऊ संगं आले आणि गाडी सुटंस्तोवर फलाटावर उभे ऱ्हायले.

गाडीत बसून आठवत गेलो. हमाल, स्कूटरवाल्या बाई, मावशी, सोपानभाऊ. ह्यातल्या एकाच्या बी कधी मी सायकलीत हवा भरली न्हाई. आणि त्या डोंगरावर दरवर्षी एक माणूस माझ्या घराचं नाव घेऊन हाक मारत हुता, वाट बगत हुता, आणि मी दौंडात पान्यानं लोकांना रस्ते दाखवत हुतो. देवाचे आभार मानायचे तर कुठल्या देवाचे, मला वाटलं ह्यांचेच मानावे.

घरी आल्या आल्या पहिला फोन व्याह्यांना लावला. म्हणलं, मावळात गेळवाडी, औंढ्याच्या वरच्या अंगाला, आणि जत्रंत पहिला वाटा आमचा. व्याही खूश झाले. पोरगी पुन्यांदा रडली. मी खाटंवर ऐसपैस बसून आईला समदं रंगवून सांगितलं, करवंदीची जाळी तेवढी गाळून. आईनं देवीला दौंडातनंच हात जोडले. पापडीचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"त्या सोपानरावाला पत्रिका दिलीस?"

मी म्हणलं, आई, एकच नेली हुती, देवीची.

"आनि जिनं जेवू घातलं तिला?"

मी इजारीकडं बगत ऱ्हायलो.

"देवी काय पंगतीला येणार हाय व्हय?" आई म्हणाली. "ज्यांनी तुजा वाटा राखला त्यांना तसंच सोडून आलास. उद्याच्या गाडीनं परत जा. नकाशा तितंच ऱ्हायला त्ये बरं झालं. ह्या खेपंला अक्कल घेऊन जा."