सारूबाईंचे पऱ्हे

माझ्या नातवंडांनो,

गेल्या आठवड्यात धाकटीने फोनवर विचारलं, "आजी, आमच्याकडे पूर आला तो देवाच्या रागामुळे, असं चर्चमध्ये सांगितलं. खरं का?" मला तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. यात जे काही उत्तर आहे ते सारूबाईंचं आहे, आणि त्यांना तुम्ही कधी पाहिलेलं नाही.

ऐंशीच्या दशकात तुमचे आजोबा आणि मी मूल नावाच्या गावात राहत होतो. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. सारूबाई आमच्या मंडळीतल्या, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या, एक विधवा शेतकरी. उंच, काटक, पायांत कधी चप्पल नाही. उपासनेत पापकबुलीच्या वेळी आम्ही मनातल्या मनात बोलायचो. सारूबाई मोठ्याने बोलायच्या. पहिल्याच रविवारी त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या.

"देवा, या नव्या मास्तरीणबाईच्या घरचा चहा पांचट राह्यते, असं मी चारचौघीत सांगतलं. मले माफ कर."

पुढच्या बाकांवर खसखस पिकली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सारूबाई, हे मनात म्हणता आलं नसतं?"

"मनात म्हटलं तं मी स्वतःले सूट देऊन टाकते ना जी!"

एका पावसाळ्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, नुकताच आटोपला असताना बोडीची पाळ फुटली. बोडी म्हणजे शेतांच्या वरच्या अंगाला पाणी साठवायचं लहान तळं. मंडळीतल्या बहुतेकांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, तिच्याखालीच होत्या. लावलेलं धान चिखलासकट वाहून गेलं. पुन्हा लावायला पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, फक्त सारूबाईंकडे उरले होते. त्यांचा वाफा उंचावर होता. पण ते सगळ्यांना पुरणारे नव्हते, आणि थांबलं तर तेही जून होणार होते.

त्या रविवारी मंडळीचे पंच योहानभाऊ उभे राहिले. "हा देवाचा कोप आहे. दानियलनं पोट्टीसाठी देवीपुढं कोंबडं कापलं, तेच सगळ्याईले भोवून राह्यलं. त्याले मंडळीतून काढा. अन् सारूबाई, त्याले पऱ्हे देऊ नका."

दानियल शेवटच्या बाकावर होता. तापातून उठलेली त्याची लेक मरियम त्याला टेकून बसली होती. पऱ्हे मिळाले नाहीत तर त्या घरात वर्षभर तांदूळ नसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"कोप असंन, योहानभाऊ," सारूबाई म्हणाल्या. "मी नाई म्हणत नाई. पण बाप रागावला असतानी लेकरानं भावाकडं बोट दाखवाचं काय?" मग त्यांनी डोळे मिटले. "देवा, या पोट्टीले ताप होता, मले मालूम होतं. मी रोवण्यात होती, गेली नाई. आपलं कोणी दारात आलं नाई, म्हणून दानियल दुसऱ्या दारी गेला. त्यातला माहा वाटा माह्यावर ठेव."

योहानभाऊ उसळले. "म्हणजे चूक आमची?"

"तुमची मले काय मालूम जी? मी माही सांगून राह्यली."

या वेळी कोणी हसलं नाही.

सोमवारी सकाळी सारूबाई डोक्यावर पऱ्ह्यांच्या जुड्या घेऊन दानियलच्या बांधीत उतरल्या. तो बांधावरच अडखळला. "काकू, मी देवीकडं गेलो होतो, हे तं खरं आहे."

"मालूम आहे. त्याचं तू देवाशी बोल. आता जुड्या फेक."

आम्ही काही बायकाही साड्या खोचून उतरलो. माझी ओळ वाकडी गेली, त्यावर सारूबाईंनी मला सुनावल्याशिवाय सोडलं नाही. दुपारकडे योहानभाऊ आले, छत्री मिटत, उघडत. "उरतीन काय जी पऱ्हे?"

"उरले तं तुमच्याच बांधीत लावू. आधी वाका."

ते वाकले.

त्या वर्षी सगळ्यांच्याच बांध्या अर्ध्यामुर्ध्या पिकल्या. सारूबाईंची खालची बांधी रिकामीच राहिली. पाळ देवाच्या रागाने फुटली की नुसत्या पावसाने, हे मला आजही सांगता येत नाही. सारूबाईंनी मात्र ती आपल्याच दाराशी आलेली हाक मानली, आणि हाक ऐकून त्या घरात बसून राहिल्या नाहीत.

आम्ही मूल सोडण्याआधीच त्या वारल्या. तिथल्या मंडळीचा रोवणा अजूनही दानियलच्या बांधीपासून सुरू होतो, आणि पहिली जुडी मरियम लावते.