साक्षगंधाची हिरवी अंगठी

काय सांगू तुम्हाला, मी आयुष्यात एकदाच चोर पकडला आणि त्यापायी माझं जमलेलं लग्न मोडता मोडता राहिलं. चहा घ्या, सांगतो.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल असेल. सौंसरला एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे मी कामाला होतो. रंग पाहून माल निवडायचा, हेच काम. हे फळ दिल्लीपर्यंत टिकेल, हे आजच खाऊन टाका, असं एका नजरेत सांगायचो. त्यामुळे रंगातलं आपल्याइतकं कोणालाच कळत नाही, असा माझा पक्का समज होता.

पांढुर्ण्याच्या कुंदाशी माझं साक्षगंध झालं. सासऱ्यांनी दोन अंगठ्या करवल्या होत्या, एक तिला, एक मला. दोन्हींत हिरवेगार खडे, एकाच दगडातून कापलेले. सासरे कौतुकाने समजावत होते, "जवाईबापू, हा पन्ना नाही बरं. स्फटिक हाये. मुळात जांभळा असते, भट्टीत तापवला का हिरवा होते. तोही सगळाच नाही होत, दुसऱ्या खाणीतला पिवळा पडते. हा साता समुद्रापलीकडून आला. आता याले..."

पुढचं काही मी ऐकलं नाही. कुंदा चिवड्याच्या बशा घेऊन येत होती. मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिलो.

मग सुरू झाला माझा तोरा. त्या उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा, डोळ्यांवर गॉगल, पण अंगठीचा हात मात्र उघडा. सायकलवरून बोरगावला जाताना हात असा धरायचो, की शेतातल्या माणसालाही खडा दिसावा. उघड्यावर संत्र्याच्या ढिगापुढे बसून दिवसभर तोच हात हलवायचो. हमाल विचारायचे, "भाऊ, दुसरा हात मोडला का तुमचा?"

लग्नाला आठ दिवस उरले. अंगठी घासायला काढली आणि पाहतो तर काय, लिंबाच्या सरबताइतकाही हिरवेपणा खड्यात उरलेला नाही.

खडा बदलला कोणी? मला लगेच उलगडलं. होळीच्या सुमारास अंगठी ढिली होते म्हणून दौलतकाका सोनारांकडे दोन दिवस ठेवली होती. काका म्हणजे सरळ माणूस, माझ्या सासऱ्यांचे लहानपणचे दोस्त. पण माझ्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं.

तडक दुकानात गेलो. "काका, माझा खडा काढा."

"कोणता खडा जी?"

"हिरवा. त्याच्या जागी हा दुसरा बसवून देल्ला तुम्ही."

काकांनी भिंगातून पाहिलं. "तोच हाये हा. उन्हात वापरून राहिले काय तुम्ही?"

"मले रंग शिकवून राहिले? संत्र्यावाल्याले?"

काकांनी भिंग ठेवलं, दुकानाला कुलूप लावलं. "चाला पांढुर्ण्याले. तुमच्या सासऱ्यासमोरच होऊन जाऊ द्या."

बसमध्ये मी गप्प बसायला हवं होतं. पण मी सगळ्या बसला चोरी समजावून सांगितली. पांढुर्ण्याला उतरलो तेव्हा आमच्यामागे नऊ माणसं होती. एकाला पुढे तिगावची गाडी पकडायची होती, तीही सोडून तो आला.

सासरे दारातच. "जवाईबापू, वरात आठ दिवसांनी होती ना?"

मी सगळं सांगितलं. कुंदाने पेटीतून आपली अंगठी आणली. खडा गर्द हिरवा.

"पाहा," मी म्हणालो, "हा खरा. माझा बदलला." नऊ जणांनी माना डोलावल्या.

काकांनी दोन्ही खडे कडेला कड लावून धरले. कुंदाच्या खड्यात केसासारखी एक बारीक रेघ होती. ती सरळ माझ्या खड्यात जात होती. दगड एकच होता.

"साक्षगंधाच्या दिवशी सांगतलं होतं ना म्या?" सासरे म्हणाले. "याले ऊन चालत नाही, रंग उडून जाते, पेटीत ठेवजा. तुम्ही हो हो म्हणले."

आता नऊच्या नऊ माणसं माझ्याकडे पाहू लागली. मी काकांच्या पाया पडलो. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सासरे कुंदाकडे वळले. "बाई, आता तूच सांग. असा माणूस पाहिजे का तुले?"

कुंदाने दोन्ही अंगठ्या उचलल्या, पदरात बांधल्या आणि म्हणाली, "बाबा, आजपासून दोन्ही अंगठ्या माझ्याजवळ राहतीन. यांच्या हातात काही टिकत नाही."

म्हणजे लग्न टिकलं होतं. ते समजायलाही मला जरा वेळच लागला.

लग्नात दौलतकाकांनी कागदात गुंडाळलेला लांबलचक आहेर दिला. उघडला तर काळी छत्री.

"काका, एवढ्या उन्हाळ्यात छत्री आठवली तुम्हाले माझ्यासाठी?" मी भारावून म्हणालो.

"तुमच्यासाठी नाही जी. अंगठीसाठी हाये."

लग्नाचा फोटो अजून आहे आमच्याकडे, बसा, दाखवतो. कुंदाच्या अंगठीवर छत्री आहे, आणि ती धरून मी उन्हात उभा आहे.