अण्णांची सलामी

अण्णांना जॅझ समजावण्याचा नाद मी केव्हाच सोडला होता. "गाणं चांगलं धरता, अन् मधीच सोडून कुठं हिंडत बसता?" हा त्यांचा एकच प्रश्न. अण्णा म्हणजे माझे वडील. नाशिकच्या भद्रकालीत त्यांच्या बँडचं दुकान आहे आणि लग्नाच्या वरातीत ट्रम्पेट घेऊन सगळ्यांच्या पुढे चालणारे मास्तर तेच. मी त्यांची थोरली. दिवसा दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते आणि संध्याकाळी सॅक्सोफोन वाजवते.

वाजवायला त्यांनीच शिकवलं. बँडमधला सॅक्सोफोनवाला नोकरीसाठी सुरतेला गेला, वाद्य कोपऱ्यात धूळ खात पडलं, ते मी उचललं. अण्णा ओरडतील असं वाटलं होतं, तर त्यांनी फुंक कशी धरायची ते दाखवलं. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी मला सगळं दिलं, वरात तेवढी दिली नाही. "वरातीत पोरगी नाय. लोक काय म्हनतील?" मी पाय आपटले, अबोला धरला, जेवणावर राग काढला. अण्णा बधले नाहीत. भिंतीवर बँडच्या निळ्या कोटांची रांग लटकलेली असायची आणि त्यातला एकही माझ्या वाट्याला आला नाही.

मग मी माझी सोय पाहिली. कॉलेज रोडला माझ्यासारखीच तीन खुळी टाळकी भेटली, एक पियानोवाला, एक बेसवाला, एक ड्रमवाला, आणि आमचा जॅझचा ग्रुप जमला. गंगापूर रोडवरच्या एका बागेत महिन्यातून एकदा कलांची संध्याकाळ भरते. कोणी कविता वाचतं, कोणी चित्रं मांडतं, थंडीत हुरडाही असतो, आणि शेवटी आम्ही वाजवतो. लोक टाळ्या वाजवतात. मला टाळ्या फार आवडतात, उगाच खोटं कशाला बोलू? पण ज्यांनी शिकवलं ते एकदाही आले नव्हते आणि हे मला आतून खात होतं. अण्णांनी एकदा म्हणावं की हे संगीत आहे, बस, एवढंच मला हवं होतं.

म्हणून मी डाव टाकला. वरात निघण्याआधी बँड सलामी वाजवतो. अण्णांची सलामी त्यांनी स्वतः बांधलेली, नाशिकमध्ये दुसऱ्या कोणाकडे ती नाही. मी ती गुपचूप ग्रुपला शिकवली आणि जॅझमध्ये बसवली. घरी फक्त एवढंच सांगितलं, "या रविवारी या. नाही आलात तर पुन्हा बोलवणार नाही." रागात बोलले, पण मनापासून बोलले.

तालमीत एका गोष्टीने मात्र माझा पिच्छा सोडला नाही. वरातीच्या गोंगाटात बोललेलं कोणाला ऐकू येत नाही. म्हणून मास्तरने वाद्याचा भोंगा आभाळाकडे केला की मागच्यांनी मुखडा उचलायचा, अशी बँडवाल्यांची खूण असते. मी त्याच खुणेवर वाढले. रंगात आले की माझा भोंगा आपोआप वर जायचा, माईक खालीच राहायचा आणि आवाज गुल. "ताई, माईक खाली आहे. वर चिंचेचं झाड आहे," असं पियानोवाला दर वेळी ऐकवायचा. मी मान डोलवायचे आणि पुन्हा तेच करायचे. जित्याची खोड, दुसरं काय!

रविवारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा अण्णांचा पत्ता नव्हता. आमची पाळी आली तेव्हा ते फाटकातून आत आले. सटाण्याचं लग्न वाजवून थेट आले होते, अंगात निळा कोट, काखेत ट्रम्पेट. वाद्य गाडीत एकटं ठेवत नाहीत ते. कोणीतरी खुर्ची दिली, तीही घेतली नाही. जेवणाला उशीर झालेल्या वऱ्हाड्यासारखा चेहरा करून मागे फाटकाजवळच उभे राहिले.

मी सलामी सुरू केली. पहिल्या दोन सुरांतच अण्णांची मान वर झाली. एकदा सलामी सरळ वाजवली आणि मग मी ती सोडून दिली, निघाले हिंडायला. खाली गेले, वर गेले, ड्रमवाल्याची कळ काढली, बेसवाल्याला दमवलं. इतकं मोकळं मी त्याआधी कधी वाजवलं नव्हतं. शेवटी परतायची वेळ आली. मी मान हलवायची आणि पियानोवाल्याने मुखडा घ्यायचा, असं ठरलं होतं.

पण समोर अण्णा उभे होते. मी मान हलवलीच नाही. माझा भोंगा वर गेला.

आवाज गुल झाला. पियानोवाला हात उचलून माझ्या मानेकडे बघत राहिला. झांजेची बारीक किणकिण तेवढी चालू होती. माझे कान तापले. झालं, नेमकं आजच माती खाल्ली, असं वाटलं.

आणि फाटकाजवळून ट्रम्पेट कडाडलं. सलामीचा मुखडा! ही खूण आयुष्यभर दुसऱ्यांना देणारा माणूस आज माझी खूण घेत होता.

बँडवाल्याला एका जागी उभं राहून वाजवता येत नाही. अण्णा वाजवत वाजवत खुर्च्यांमधून पुढे निघाले, लोक वाट देत उठले आणि उठलेले पुन्हा बसले नाहीत. नाशिककर मिळालेली खुर्ची सहजासहजी सोडत नाहीत, पण त्या संध्याकाळी सगळी बाग नाचली. मी स्टेजवरून उडी मारली. आम्ही समोरासमोर आलो आणि अण्णांनी काय करावं? त्यांनी स्वतःचं गाणं मधेच सोडलं आणि निघाले की हिंडायला! वाजवता वाजवता मला हसू फुटलं. मनसोक्त हिंडून झाल्यावर त्यांनी भोंगा वर केला आणि मुखडा मी घेतला. जिंकले मी! ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण तोंडात सॅक्सोफोन होता.

नंतर लोकांनी आम्हाला घेरलं, फोटो काढले. जरा मोकळीक मिळाल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं, अण्णा?"

"तुमचा ड्रमवाला लय घाई करतो," ट्रम्पेट पुसत ते म्हणाले. मग ट्रम्पेट माझ्या हातात दिलं, अंगातला निळा कोट काढला आणि माझ्यापुढे धरला. "परवा सिन्नरला वरात हाय. खांद्यात जरा ढगळ होईल."

"लोक काय म्हणतील?" मी विचारलं.

"बघू की. आपन वाजवत असताना ऐकू कुठं येतंय?"

कोट घामाने ओला होता. मी तो तसाच अंगात घातला.