एडिंबऱ्यातलं खंडोबाचं कुत्रं

स्कॉटलंडमधल्या एडिंबऱ्याचा वारा अंगावर मोकाट वळूसारखा येतो. बसमधून उतरलो अन् माझी टोपी उडाली, ती अजून उडतेच आहे. समुद्र ओलांडून एखाद्या गोऱ्या मेंढक्याच्या डोक्यावर बसली असेल, अन् मला शोभली नाही तेवढी त्याला शोभत असेल.

आमची लेक तिथे दवाखान्यात नर्स आहे. ते लोक तिला कायमचं ठेवून घ्यायला तयार होते, होकार-नकार दुसऱ्या दिवशी कळवायचा होता. पण पोरीचा एकच हट्ट : माय हो म्हणाली तरच राहीन, नाही तर तुमच्यासोबत अंबडला परत येईन. म्हणून तिने सुट्टी काढून आम्हाला शहर दाखवायला नेलं. एवढं देखणं शहर पाहून माय पाघळेल, असा तिचा अंदाज. माझ्या कानात तेवढं सांगितलं, "आबा, तुम्ही नुसती तारीफ करत राहा."

हे काम मी बिलकुल फुकटात करतो.

आधी किल्ला. तिथे दुपारी रोज तोफ उडवतात.

"कोणावर?" आमच्या हिने विचारलं.

"कोणावर न्हाई माय, वेळ कळावा म्हणून."

"मंग घड्याळ घ्यावं की!"

तेवढ्यात तोफ उडाली. अख्खा डोंगर हातभर वर उचलला गेला अन् परत बराबर जागेवर बसला. मी जागचा हललो नाही. ही म्हणते, मी तिच्या मागं लपलो होतो. बाया काहीही बोलतात.

"काय किल्ला, काय किल्ला!" मी सुरू केलं. "आपल्या देवगिरीचा सख्खा भाऊच!"

ही किल्ल्याकडे पाहतच नव्हती. लेकीकडे पाहत होती. "ते समदं खरं. पण तू तापानं पडली तर इथं तुला कोण हाय?"

लेक म्हणाली, मैत्रिणी आहेत. ही म्हणाली, "त्या त्यांच्या नोकरीला जातील." लेकीने राजवाडा दाखवला, काळ्या दगडाच्या गल्ल्या दाखवल्या. प्रत्येक ठिकाणी माझी तारीफ संपली की हिचा तोच सवाल. लेकीचा चेहरा उतरत चालला.

मग एका कोपऱ्यावर कुत्र्याचा पुतळा आला. उंच खांबावर बसलेलं काळं कुत्रं. नाक तेवढं सोन्यासारखं लखलखत होतं, कारण जो तो रांगेत थांबून त्या नाकाला हात लावत होता.

आम्ही धनगर. खंडोबाचं कुत्रं दिसलं की भंडारा वाहिल्याशिवाय आमच्यातली बाई पुढं पाऊल टाकत नाही. हिने कमरेची भंडाऱ्याची चंची सोडली. "अहो, ह्यांच्यातबी खंडोबा हाय, अन् तुम्ही सांगितलं न्हाई!" टाचा उंचावून तिने त्या नाकाला हळद फासली अन् ओरडली, "येळकोट येळकोट!" मी असा "जय मल्हार!" ठोकला की गावातली कबुतरं एकदम उडाली. रांगेतल्या एका म्हाताऱ्या गोऱ्याने टोपी काढून स्वतःचंही कपाळ पुढं केलं. त्यालाही लावली.

लेक लाजून लाल झाली होती. "माय, ते खंडोबाचं न्हाई गं!"

"मंग कोणाचं?"

"एका माणसाचं व्हतं. तो मेला, त्याला इथं मागंच पुरलं. तर हे वर्षानुवर्षं त्याच्या थडग्यापाशीच बसून राह्यलं म्हणतात."

"अन् खायाला कोण घालत व्हतं?"

"इथलेच लोक."

"त्यांचं कोण लागत व्हतं ते?"

"कोणीच न्हाई."

"अन् कोणी हाकललं न्हाई?"

"न्हाई माय. सांभाळलं. मेल्यावर पुतळा केला."

हिने चंची पुन्हा सोडली अन् उरलेला भंडारा कुत्र्याच्या पायाशी वाहिला. आमच्या लग्नातसुद्धा हिने एवढा भंडारा उधळला नव्हता.

"बिनमालकाच्या कुत्र्याला ज्यांनी मरू दिलं न्हाई," ती म्हणाली, "ते माह्या लेकीला बी पाहतील. ऱ्हाय तू इथं."

लेक तिथेच फुटपाथवर बसली अन् लहान पोरासारखी हुंदके देऊ लागली. ही तिच्या शेजारी बसली, वारा लागू नये म्हणून पदर तिच्या डोक्यावरून घेतला. मी पाठीशी उभा राहिलो, तेवढाच वाऱ्याला आडोसा.

"आजारी पडली तर लपवायचं न्हाई," ही दटावत होती. "पहिला फोन मला."

"हो."

"सकाळपून काही खाल्लंस?"

लेकीने मान हलवली. आम्हाला फिरवायच्या नादात ती उपाशीच होती. हिने पिशवीतून दशमी काढली, तुकडा मोडला अन् भर रस्त्यात त्या नर्सबाईंना भरवू लागली.