अकोल्याची कोरडी हवा

मी शाळेत भूगोल शिकवायचे. समुद्राजवळची हवा सम आणि दमट, समुद्रापासून दूरची विषम आणि कोरडी, असं दरवर्षी फळ्यावर लिहून खाली दोन उदाहरणं द्यायचे: माझं माहेर पनवेल आणि माझं सासर अकोला. हे ज्ञान एक दिवस बापावर वापरावं लागेल असं वाटलं नव्हतं. ‘वापरावं लागेल’ ही पण लबाडीच. मी ते वापरलं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलजवळच्या आमच्या गावात खाडीकाठच्या जमिनींना गिऱ्हाइकं फिरू लागली होती, आणि माझ्या दोन्ही भावांना अचानक बापाच्या छातीची काळजी वाटू लागली. बाबांना दमा वीस वर्षांपासूनचा.

“डॉक्टर सांगतो, कोरडी हवा पायजे. तुजा ते ऐकतील,” थोरला म्हणाला.

ऐकलं. घाटापलीकडे, समुद्रापासून शेकडो मैल आत, हवेत पाण्याचा अंश नाही, छाती मोकळी होते, असं सगळं मी त्यांना समजावलं.

“बरा, येतो,” ते म्हणाले. “पन आगोटीला मना परत आनून सोडायचा. बांधाचा काम हाय.” खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून आगोटीला, पावसाच्या तोंडावर, ते दरवर्षी चिखलाचे गोळे रचून बांध पक्का करायचे. ते काम त्यांनी मुलांवर कधीच सोडलं नाही. माणसांची पारख त्यांना होती, फक्त लेकीच्या बाबतीत चुकली.

अकोल्याच्या उन्हात घराच्या भिंतींना हात लावू नये असं व्हायचं. तरी त्यांचा दमा खरंच कमी झाला. याचीच मला जास्त चीड येते.

मिठागरात अर्धा जन्म गेलेल्या माणसाचं पंचांग म्हणजे मिठाची बरणी. मीठ पाझरू लागलं की पाऊस आठवड्यावर आला, हा त्यांचा हिशेब पनवेलला कधी चुकला नव्हता. माझ्या स्वयंपाकघरातही ते रोज सकाळी बरणीत बोटं घालायचे. “अजून सुका हाय,” म्हणायचे आणि निवांत चहा प्यायचे. अकोल्याचं मीठ अकोल्याचाच पाऊस सांगणार, हे त्यांना कोण सांगणार? सांगणारी मी होते. वारा आधी कोकणात पाऊस टाकतो आणि मग घाट चढतो, हे मी सातवीच्या मुलींना शिकवत होते.

जूनमध्ये धाकट्याचं पत्र आलं. सातबारा आम्हा भावांच्याच नावावर, तेव्हा जमीन दिली आहे, भराव चालू आहे, बांध तेवढा उरलाय. बाबा आले तर ट्रकपुढे आडवे पडतील, थोडे दिवस तिकडेच ठेव. चारच दिवसांनी कोकणात पाऊस लागल्याचं वर्तमानपत्रात आलं. बाबांना वाचता येत नव्हतं. बातम्यांच्या वेळी मी रेडिओ बंद ठेवू लागले. भावांशी वाकडं घेतलं तर माहेर तुटेल, ही माझी भीती. बापापेक्षा माहेर मोठं, म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

दोन आठवड्यांनी बरणीतलं मीठ ओलं झालं. बाबांनी त्याच दिवशी पिशवी भरली.

मी त्यांना घेऊन गावी पोचले, तेव्हा शेताच्या जागी लाल मुरमाचं पठार झालं होतं. खाडीच्या बाजूला बांधाची एक ओळसुद्धा उरली नव्हती. भाऊ मागून काहीबाही समजावत होते. बाबा त्यांच्याकडे वळले नाहीत.

“बाय, हितं पाऊस कदी लागला?”

“दोन आठवडे झाले.”

“तुना कदी कळला?”

मी त्यांच्या हातातली पिशवी घ्यायला पुढे झाले. त्यांनी ती सोडली नाही.

“पोरं लोभी हायत, ते मना ठाव व्हता,” ते म्हणाले. “तुज्या घरी मी डोळे मिटून राह्यलो.”